दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये मुलाचा श्वास कसा सांभाळतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगली-मिरज, कराड, सातारा या पट्ट्यात लहान मुलांचा हर्निया, न उतरलेली अंडगोळी, अपेंडिक्स, पित्ताशयातले खडे अशी बरीच ऑपरेशन्स आता दुर्बिणीतून होतात. जत, आटपाडी, माण, खटाव, पाटणहून आलेले पालक सर्जनना टाके, दिवस, खर्च सगळं विचारून घेतात. श्वासाचं मात्र संमतीपत्रावर सही करताना आठवतं. ही उत्तरं त्यांच्यासाठी आहेत. मधले आकडे आणि डोस हे नव्याने लहान मुलांना भूल देऊ लागलेले डॉक्टर आणि ओटीतल्या सिस्टर-टेक्निशियन यांच्या सोयीसाठी. पालकांनी ते वगळून पुढे वाचलं तरी काही अडणार नाही.

टाके तर दोन-तीनच पडतात. मग पूर्ण भूल आणि घशात नळी कशाला?

टाके किती, यावर भूल ठरत नाही. ती ठरते पोटात भरल्या जाणाऱ्या गॅसवर. दुर्बिणीला आतलं दिसावं म्हणून पोटात कार्बन डायऑक्साइड सोडून पोटाची भिंत वर उचलतात. तान्ह्या बाळात हा दाब साधारण ६ ते ८, मोठ्या मुलात ८ ते १२ मिलिमीटर पारा इतका ठेवतात. हा गॅस श्वासपटलाला छातीकडे ढकलतो, फुप्फुसांचा तळ दबतो आणि तेवढीच हवा आत घालायला जास्त जोर लागतो. हर्निया किंवा अपेंडिक्ससाठी टेबल डोक्याकडून खाली केलं की आतडीही वर सरकतात आणि त्यात भर पडते.

दुसरं कारण मुलांच्या शरीरातच आहे. मोठ्या माणसाला वजनाच्या किलोमागे मिनिटाला ३ ते ४ मिलिलिटर प्राणवायू लागतो, तान्ह्या बाळाला ६ ते ८. साठा लहान आणि खर्च दुप्पट. श्वास थांबला तर मोठ्या माणसाचं सॅच्युरेशन (रक्तातल्या प्राणवायूची पातळी) काही मिनिटं तग धरतं, बाळाचं मिनिटाच्या आतही कोसळू शकतं. शिवाय पोटातला काही कार्बन डायऑक्साइड रक्तात शोषला जातो, तोही फुप्फुसांनाच बाहेर काढावा लागतो. हे काम भुलेखाली असलेल्या मुलाच्या स्वतःच्या श्वासावर सोडता येत नाही. यंत्राने श्वास द्यावा लागतो, आणि यंत्र व मूल यांच्यातला जोड गळका असून चालत नाही.

नळी आणि एलएमए यांत फरक काय?

नळी स्वरतंतूंच्या मधून थेट श्वासनलिकेत जाते. एलएमए (लॅरिंजियल मास्क एअरवे) स्वरयंत्राच्या वर, घशातच बसतो आणि श्वासमार्गाच्या तोंडावर टेकून हवा आत पाठवतो. तो ब्रिटिश भूलतज्ज्ञ आर्ची ब्रेन यांनी १९८१ मध्ये तयार केला आणि १९८८ पासून तो वापरात आला. तो बसवायला सोपा, घशाला कमी बोचणारा, आणि सर्दी होऊन गेलेल्या मुलात खोकला-उबळ कमी करणारा आहे. उणीव एकच, पण मोठी: अन्ननलिका बंद होत नाही. यंत्राचा दाब वाढला की हवा पोटात शिरते, आणि पोटातलं वर आलं तर श्वासनलिकेत उतरू शकतं.

ही उणीव थोडी भरून काढायला दुसऱ्या पिढीचे प्रकार आले. प्रोसील आणि आय-जेल यांना पोटाकडे जाणारी वेगळी वाट असते, तिच्यातून बारीक नळी घालून पोट रिकामं करता येतं. दुर्बिणीच्या ऑपरेशनला वापरायचा तर याच पिढीचा. जुना साधा एलएमए नाही. एक गोष्ट ओटीत विसरली जाते. आय-जेलच्या १ नंबरला ही पोटाची वाट नसतेच. म्हणजे अगदी लहान बाळासाठी हा पर्याय मुळातच बाद.

आय-जेलचा नंबर वजनावर ठरतो: १.५ हा ५ ते १२ किलोसाठी, २ हा १० ते २५, २.५ हा २५ ते ३५, आणि ३ हा ३० ते ६० किलोसाठी. सीमेवरच्या मुलाला दोन्ही नंबर हाताशी ठेवावेत.

मग आमच्या मुलासाठी कोणतं, हे कशावर ठरतं?

तीन गोष्टींवर: पोट रिकामं आहे का, गॅसचा दाब किती लागणार, आणि वेळ किती जाणार.

समजा सहा वर्षांचा, २० किलोचा, सुदृढ मुलगा आहे. हर्निया, ठरवून केलेलं ऑपरेशन, नीट उपाशी आहे, अर्ध्या-पाऊण तासाचं काम, आणि सर्जन ८ ते १० च्या दाबावर काम उरकणारे. इथे दुसऱ्या पिढीचा एलएमए चालू शकतो. अट अशी की भूलतज्ज्ञांचा त्यावर हात बसलेला हवा, आणि नळी, लॅरिंगोस्कोप (नळी घालताना घशात पाहायचं दिव्याचं उपकरण) व स्नायू सैल करणारं औषध टेबलावर तयार हवं.

आता त्याच मुलाला अपेंडिक्स झालंय. काल रात्रीपासून उलट्या, पोट फुगलेलं. हा बारा तास उपाशी असला तरी त्याचं पोट भरलेलंच धरायचं, कारण दुखणं आणि आतड्यांची सूज यामुळे जठर रिकामं होत नाही. इथे एलएमएचा विचारही नको. कफवाली नळी (कफ म्हणजे नळीच्या टोकाजवळचा, गळती थांबवणारा हवेचा फुगा), आणि तीही झटपट पद्धतीने. मात्र मोठ्यांसारखं झोप लागल्यापासून नळी जाईपर्यंत अजिबात श्वास न देता थांबणं मुलांना परवडत नाही. म्हणून रोक्युरोनियम किलोला १ ते १.२ मिलिग्रॅम देऊन, ते चढेपर्यंत १० ते १२ सेंटिमीटर पाण्याच्या दाबाच्या आत हलके श्वास मास्कने द्यावेत. त्याने पोट फुगत नाही आणि बाळ निळंही पडत नाही.

पायलोरिक स्टेनोसिसचं (जठराची आतड्याकडची वाट अरुंद झालेलं) बाळ, अन्न उलट वर येण्याचा त्रास असलेलं मूल, एक वर्षाच्या आतलं बाळ, फार जाड मूल, तासापेक्षा लांबणारं ऑपरेशन, या सगळ्यांना नळीच. पायलोरिक स्टेनोसिसमध्ये तर घाई करूच नये. ते ऑपरेशन तातडीचं नाही. आधी सलाईनने क्लोराइड आणि बायकार्बोनेट ताळ्यावर आणायचं, पोट नळीने रिकामं करायचं, मगच भूल.

आमचं मत स्पष्ट आहे: मुलांच्या दुर्बिणीच्या ऑपरेशनला कफवाली नळी हा नेहमीचा मार्ग आणि एलएमए हा निवडून घेतलेला अपवाद. शंका आली की नळी.

कफवाली नळी लहान मुलांना घालू नये असं आम्ही ऐकलं होतं.

बरोबर ऐकलं होतं. बरीच वर्षं तसंच शिकवलं जायचं. आठ वर्षांच्या आतल्या मुलांना बिनकफाची नळी, हा नियमच होता. स्वरतंतूंखालच्या कड्यापाशी मुलांची श्वासनलिका अरुंद असते, तिथे फुग्याच्या दाबाने सूज येईल, पुढे व्रण पडून वाट बारीक होईल, ही भीती. तेव्हाचे कफ जाड आणि ताठ होते, त्यामुळे भीती रास्तही होती. आताचे कफ पातळ असतात आणि कमी दाबावर नीट बसतात. युरोपातल्या २४ केंद्रांत २,२४६ लहान मुलांवर झालेला अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. नळी काढल्यावर श्वासात शिट्टीसारखा आवाज येण्याचं प्रमाण दोन्ही गटांत जवळपास सारखं निघालं: कफवाल्यात ४.४ टक्के, बिनकफात ४.७. फरक पडला तो दुसरीकडे. नंबर चुकला म्हणून नळी बदलावी लागली ती बिनकफाच्या गटात ३०.८ टक्के मुलांत आणि कफवाल्या गटात फक्त २.१ टक्के मुलांत. प्रत्येक बदल म्हणजे नाजूक स्वरयंत्रातून आणखी एक फेरी.

दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये तर बिनकफाची नळी जास्तच अडचणीची. पोटात गॅस भरण्याआधी ती पुरेशी घट्ट वाटते. दाब चढला की कडेने हवा गळू लागते, श्वास अपुरा पडतो, कॅप्नोग्राफचा (श्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणाऱ्या यंत्राचा) आकडा खोटा कमी दिसतो, आणि तोवर मूल चादरीखाली झाकलेलं असतं.

पण कफ सुरक्षित राहतो तो मोजला तरच. दाब २० सेंटिमीटर पाण्यापेक्षा जास्त नको. बाहेर लोंबणारा छोटा फुगा बोटांनी चिमटून “ठीक आहे” म्हणायची सवय सगळीकडे आहे, आणि बोटं इथे फसवतात. लहान कफात अर्धा मिलिलिटर हवा जास्त गेली तरी दाब दुपटीवर जाऊ शकतो. कफ मॅनोमीटर जोडावा, गळती थांबेल इतकीच हवा भरावी, आणि पोटात गॅस भरल्यावर व टेबल तिरकं केल्यावर पुन्हा पाहावं. नायट्रस ऑक्साइड वापरत असाल तर तो कफात झिरपून दाब वाढवत राहतो आणि आतडीही फुगवतो. दुर्बिणीच्या ऑपरेशनला तो न वापरलेलाच बरा.

नळीचा नंबर आणि खोली कशी ठरवतात?

दोन वर्षांपुढच्या मुलांसाठी: वयाला ४ ने भागून ३.५ मिळवा, म्हणजे कफवाल्या नळीचा नंबर मिळतो. बिनकफाची असेल तर ४ मिळवा. ओठापाशी खोली म्हणजे वयाच्या निम्म्यात १२. चार वर्षांच्या मुलाला कफवाली ४.५ ची नळी, ओठापाशी १४ सेंटिमीटर. अर्ध्याने लहान आणि अर्ध्याने मोठी अशा आणखी दोन नळ्या उघडून नाही, पण हाताशी. पूर्ण दिवसांच्या ३ किलोच्या बाळात खोली साधारण ९ सेंटिमीटर (वजन अधिक ६).

सूत्र हा अंदाज आहे, निकाल नव्हे. नळी घातल्यावर दोन्ही बगलांत श्वास ऐकायचा, आणि पोटात गॅस भरून टेबल तिरकं झाल्यावर पुन्हा ऐकायचा. हा दुसरा “पुन्हा” महत्त्वाचा. गॅसने फुप्फुसं वर सरकतात, नळी तर ओठापाशी चिकटपट्टीने बांधलेली असते, म्हणून तिचं टोक सहज उजव्या फुप्फुसाच्या फाट्यात शिरतं. तान्ह्या बाळाची अख्खी श्वासनलिका ४-५ सेंटिमीटरची. तिथे अर्धा सेंटिमीटरही खूप झाला. मान पुढे वाकली की टोक खाली जातं, मागे नेली की वर येतं.

गॅस भरल्यावर मॉनिटरवर काय बिघडू शकतं? (डॉक्टर व ओटी स्टाफसाठी)

श्वासातला कार्बन डायऑक्साइड हळूहळू चढणं अपेक्षितच आहे. श्वासाचं मिनिटाचं प्रमाण २० ते ३० टक्के वाढवावं लागतं. ते शक्यतो श्वासांची संख्या वाढवून करावं, प्रत्येक श्वास किलोला ६ ते ८ मिलिलिटर ठेवावा, पीप ५ च्या आसपास.

दाब एकदम चढला आणि सॅच्युरेशन उतरू लागलं तर याच क्रमाने पाहावं: नळी आत सरकली का, दुमडली का, कफाने अडली का, स्राव साचला का, स्नायू सैल करणारं औषध उतरलं का. तेवढ्यात सर्जनना गॅस थांबवायला सांगायचं. कारण सापडेपर्यंत वाट पाहायची नाही. गॅस सुरू होताच नाडी मंदावली तर पोटाचा पडदा ताणल्याने तसं होतं. गॅस सोडून द्या, प्राणवायू पूर्ण द्या, आणि लागल्यास ॲट्रोपीन किलोला ०.०२ मिलिग्रॅम. कॅप्नोग्राफ चढण्याऐवजी अचानक खाली आला आणि रक्तदाबही पडला, तर गॅस रक्तवाहिनीत शिरल्याची शंका पहिली.

एलएमए असताना गळ्यापाशी खुरखुर ऐकू आली, किंवा कॅमेऱ्यात जठर फुगलेलं दिसलं, तर तो जागेवरून हललाय. एकदा नीट बसवून पाहा. पुन्हा तेच झालं तर गॅस सोडून नळी घाला. झगडत बसू नका. पहिला पोर्ट घालण्याआधी पोट नळीने रिकामं करणं दोन्ही पद्धतींत सक्तीचं आहे, कारण मास्कने श्वास देताना फुगलेलं जठर सुईच्या वाटेवर येतं.

किती वेळ उपाशी ठेवायचं? मूल रडतं.

भात, भाकरी, पोहे, बिस्किट असं साधं खाणं: ६ तास आधी बंद. तळलेलं, तुपातलं, मटण: ८ तास. कंदी पेढा याच गटात येतो, “एवढासा तर होता” म्हणून सुटत नाही. गाईचं किंवा म्हशीचं दूध, डब्यातली पावडर आणि दुधाचा चहा: ६ तास. आईचं दूध: ४ तास. पाणी, साखरपाणी, गाळलेलं नारळपाणी: २ तास आधीपर्यंत द्याच. काही केंद्रं आता १ तासापर्यंतही देतात, पण तुमचे भूलतज्ज्ञ सांगतील ते धरा. ताक, आंबील, उसाचा रस, गराचा ज्यूस हे पाण्यात मोडत नाहीत.

रात्रीपासून कोरडं उपाशी ठेवणं हे शिस्तीचं लक्षण नाही. त्याने मूल चिडचिडं होतं, साखर उतरते, सलाईनची शीर सापडत नाही. आणि आजीने एसटीत बसताना मूठभर भडंग दिलं असेल तर ते सांगा. कोणी रागावणार नाही. फक्त वेळ पुढे जाईल. लपवलं तर मात्र तेच शेंगदाणे श्वासनलिकेत जाऊ शकतात.

सर्दी झालीय. ऑपरेशन पुढे ढकलायचं का?

नाकातून पाण्यासारखं वाहतंय, ताप नाही, मूल खेळतंय, जेवतंय: बहुतेक वेळा करता येतं. पिवळा-हिरवा शेंबूड, ओला खोकला, ताप, मलूल चेहरा: निदान २ आठवडे थांबा. छातीत घरघर किंवा न्यूमोनिया झाला असेल तर ४ ते ६ आठवडे. कारखान्यांच्या हंगामात पाचटाच्या धुराने खोकला लांबलेला असेल, किंवा घरात कोणी बिडी-सिगरेट ओढत असेल, तर तेही सांगा. विडीच्या धुरात वाढणाऱ्या मुलाच्या घशाला भुलेत लवकर उबळ येते. दमा असलेल्या मुलाला ऑपरेशनआधी साल्ब्युटामॉलची वाफ देतात, २० किलोच्या आत २.५ मिलिग्रॅम, वर ५.

अपेंडिक्स मात्र सर्दीसाठी थांबत नाही.

उबळ म्हणजे नेमकं काय? ती जीवघेणी असते का?

लॅरिंगोस्पॅझममध्ये स्वरतंतू गच्च मिटतात आणि हवा आत जाईनाशी होते. हे बहुधा भूल लागताना किंवा उतरताना, अर्धवट झोपेत होतं. लाळेचा किंवा रक्ताचा थेंब पुरतो. वेळीच ओळखली तर बहुतेक मुलांत मिनिटभरात सुटते. क्रम असा: त्रास देणारी गोष्ट थांबवा, पूर्ण प्राणवायू, जबडा पुढे ओढून घट्ट मास्कने सतत दाब, मग प्रोपोफॉल किलोला ०.५ ते १ मिलिग्रॅम. तरी सुटली नाही तर सक्सामेथोनियम शिरेतून किलोला १ ते २ मिलिग्रॅम, शीर नसेल तर स्नायूत ४. म्हणूनच नळी काढताना मूल एकतर पूर्ण जागं असावं किंवा पूर्ण गाढ. दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर, विशेषतः पोट भरलेलं असेल तर, पूर्ण जागं.

छातीतलं ऑपरेशन दुर्बिणीतून असेल तर?

तिथे एका बाजूचं फुप्फुस खाली बसवावं लागतं. तान्ह्या बाळात साधी नळी श्वासनलिकेतच ठेवून, छातीत ४ ते ६ मिलिमीटर पाऱ्याच्या दाबाने गॅस सोडला तरी बऱ्याचदा भागतं. नाहीतर नळीच चांगल्या बाजूच्या फाट्यात सरकवतात. उजवीकडे ती सहज जाते, डावीकडे न्यायला कसब आणि बारीक स्कोप लागतो. नळी ४.५ किंवा मोठी असेल तर ५ फ्रेंचचा ब्रॉन्कियल ब्लॉकर चालतो. दोन वाटांची नळी २६ फ्रेंचपासून मिळते, म्हणजे साधारण आठ वर्षांपुढे. मेंढ्या-कुत्र्यांच्या सहवासातल्या मुलाच्या फुप्फुसात हायडॅटिडची (जंतामुळे होणारी, पाण्याने भरलेली) गाठ असेल तर बाजू वेगळ्या करणं टाळता येत नाही; गाठ फुटली तर पाणी दुसऱ्या फुप्फुसात जातं. अशी केस रोज करणाऱ्यांकडेच न्यावी.

दात हलतोय, सांगायचं का?

हो. सहा-सात वर्षांच्या मुलांत हमखास विचारायची गोष्ट. फारच हलत असेल तर भुलेत काढून तुमच्या हातात देतात.

जवळच्या छोट्या हॉस्पिटलात करावं की मिरजेला, कराडला न्यावं?

मिरजेत मिशन हॉस्पिटल १८९४ मध्ये आणि सरकारी वैद्यकीय महाविद्यालय १९६२ मध्ये सुरू झालं, म्हणून लोकांचा ओढा तिकडे. पण शहराचं नाव पाहू नका, ओटीत काय आहे ते विचारा. कॅप्नोग्राफ आहे का? लहान मुलांचे श्वास देऊ शकणारं व्हेंटिलेटर आहे का? अर्ध्या-अर्ध्या नंबराच्या सगळ्या नळ्या, लहान एलएमए, कफ मॅनोमीटर, दुसरा चालू लॅरिंगोस्कोप, भरलेला राखीव प्राणवायू सिलिंडर? वीज गेली तर मॉनिटर आणि सक्शन चालू राहतील का? रात्री मॉनिटर लावून बसणारी सिस्टर आहे का? पाच-सहा वर्षांपुढच्या सुदृढ मुलाचं साधं ऑपरेशन तालुक्याच्या ठिकाणी या सोयींवर व्यवस्थित होतं. एक वर्षाच्या आतलं बाळ, हृदयाचा दोष, खूप घोरणारं मूल, लहान जबडा, मान न वळणं, यांना मोठं केंद्र हवं. कॅप्नोग्राफ नसेल तर कोणत्याच मुलाचं दुर्बिणीचं ऑपरेशन तिथे करू नये.

नंतर घसा आणि खांदा का दुखतो?

घसा नळीमुळे, एक-दोन दिवस; आवाज थोडा बसतो. खांदा उरलेल्या गॅसने श्वासपटल चुरचुरल्यामुळे दुखतो, तोही दोनेक दिवसांत थांबतो. पॅरासिटामॉल किलोला १५ मिलिग्रॅम, सहा तासांनी.

श्वास आत घेताना शिट्टीसारखा आवाज आणि बरगड्यांमध्ये खड्डा पडणं ही मात्र वेगळी गोष्ट. लगेच सिस्टरना सांगा. स्वरयंत्राखाली सूज असते. ॲड्रेनालिन (१:१०००) किलोला ०.५ मिलिलिटर, जास्तीत जास्त ५, वाफेतून देतात, सोबत डेक्सामेथासोन. वाफेचा गुण उतरल्यावर सूज परतू शकते, म्हणून निदान २ ते ४ तास नजरेखाली ठेवतात.

त्याच दिवशी घरी नेता येईल का?

हर्नियासारख्या छोट्या ऑपरेशननंतर मूल पाणी पितंय, उलटी नाही, श्वास मोकळा आहे, तर बहुतेक वेळा हो. घर दोन तासांच्या वाटेवर असेल तर रात्र थांबलेलं बरं. ३७ आठवड्यांआधी जन्मलेल्या बाळाचं वेगळं आहे. गर्भातले आणि जन्मानंतरचे आठवडे मिळून ६० भरले नसतील तर रात्रभर मॉनिटरवर ठेवावंच लागतं, कारण भुलेनंतर अशा बाळाचा श्वास मध्येच थांबू शकतो. ३२ व्या आठवड्यात जन्मलेलं, आज १६ आठवड्यांचं बाळ म्हणजे ४८; ते त्या रात्री हॉस्पिटलातच राहील. जन्मावेळचं डिस्चार्ज कार्ड सोबत आणा, हा हिशेब त्यावरूनच होतो.